मागे कॉइल की पाटे? जुनी सी-१० घेण्याआधी गाडीखाली काय बघायचं

आपल्या डोळ्यांत ट्रक म्हणजे टाटा किंवा लेलँड. मागच्या चाकांपाशी एकावर एक रचलेले पाटे (लीफ स्प्रिंग), त्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट, आणि पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी, घाट चढताना कुरकुरणारी शॅकल. त्यामुळे अमेरिकेत राहणारा मराठी माणूस जुनी शेव्हरोले पिकअप बघायला गेला, खाली वाकला आणि पाटे दिसले, की ‘चला, कंपनीचंच आहे’ म्हणून मोकळा होतो. कॉइल दिसली तर त्याला वाटतं, कुणीतरी कारचं सस्पेन्शन आणून ठोकलंय. १९६७ ते १९७२ च्या सी-१० बाबतीत, म्हणजे शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपबाबत, हा अंदाज बहुतेक वेळा उलटा पडतो. माझाही पडला होता, म्हणून हे लिहितोय.

शेव्हरोलेने १९६० मध्येच अर्ध्या टनाच्या पिकअपला मागे कॉइल स्प्रिंग दिल्या. १९६७ ला नवी बॉडी आली तेव्हाही दोन चाकांना ड्राइव्ह असलेल्या सी-१० ला कॉइलच नेहमीच्या होत्या. पाटे हवे असतील तर वेगळे मागवावे लागत. त्याच जनरल मोटर्सच्या घरातली, जीएमसी या नावाने विकली जाणारी १५०० मात्र उलट्या रीतीची. तिला पाटे नेहमीचे आणि कॉइल मागणीनुसार. बॉडी जवळजवळ तीच, कारखाना एकाच मालकाचा, आणि सवय अशी वेगळी! चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या के-१० ला पुढेमागे पाटेच, आणि एक टनाच्या सी-३० ला मागे पाटेच. १९७३ ला पुढची बांधणी आली तेव्हा सगळ्यांच्याच मागे पाटे आले.

म्हणजे ‘कॉइल खरी, पाटे खोटे’ असा सोपा हिशेब इथे चालत नाही. दोन्ही कारखान्यातून आलेले असू शकतात आणि दोन्ही मागाहून बसवलेले असू शकतात. स्प्रिंग हा भाग बदलण्यासाठीच असतो, तो काही सांगत नाही. साक्ष चेसिस देते.

कंपनीची कॉइल कशी ओळखायची

दोन लांब आर्म शोधा, त्यांना ट्रेलिंग आर्म म्हणतात. ते गाडीच्या मध्याकडून, केबिनच्या मागच्या भागाखाली असलेल्या एका जाड क्रॉसमेंबरपासून (चेसिसच्या आडव्या तुळईपासून) निघतात आणि मागे हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या आवरणापर्यंत जातात. पत्र्याचे दोन चॅनल पाठीला पाठ लावून जोडलेले, त्यामुळे छेद इंग्रजी आय अक्षरासारखा. हाउसिंग यू-बोल्टने या आर्मवर आवळलेलं असतं आणि कॉइल आर्म व चेसिस यांच्यामध्ये बसते. आडवी एक दांडी चेसिसपासून हाउसिंगपर्यंत जाते, ती पॅनहार्ड रॉड. हाउसिंग डावीउजवीकडे सरकू नये म्हणून ती आहे.

ही रचना इतकी साधी आणि दणकट निघाली की अमेरिकेतल्या नासकार शर्यतींच्या गाड्यांनी हेच ‘ट्रक आर्म’ अनेक दशकं वापरले. नासकारच्या सर्वात वरच्या कप मालिकेतून ते २०२२ च्या नव्या गाडीपासून गेले. कुणी विक्रेता ‘कॉइल म्हणजे नाजूक काम’ म्हणाला तर त्याला हे ऐकवायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. आर्म, कॉइल आणि पॅनहार्ड बाजारात सहज मिळतात, म्हणून ते दिसले एवढ्यावर थांबू नका. ते ज्याला धरून आहेत ते बघा: मधला क्रॉसमेंबर, कॉइलची वरची बैठक, पॅनहार्डचा चेसिसवरचा ब्रॅकेट. कारखान्यात हे सगळं रिव्हेट मारून बसवलेलं आहे. वायर ब्रश मारला की गोल गुळगुळीत डोकी दिसतात आणि त्यांच्यावरचा गंज आजूबाजूच्या चेसिसशी मिळताजुळता असतो. त्याजागी नवे चकचकीत नटबोल्ट, भोकांच्या कडांना ताजा धातू किंवा वेल्डिंगची माळ दिसली, तर कुणाचा तरी हात फिरला आहे. नळीचे गोल आर्म दिसले तर तो नव्या काळातला तयार सेट आहे, त्यावर वाद नको.

एक सावधगिरी: नुसत्या बोल्टवरून निकाल देऊ नका. गंजलेला क्रॉसमेंबर बदलताना जुने रिव्हेट ड्रिल करून काढावेच लागतात, आणि घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रिव्हेट कोण मारणार? ती दुरुस्ती झाली, बदल नव्हे. भोकं मूळचीच असतील आणि भाग जागच्या जागी असतील तर मी अशी गाडी नाकारणार नाही.

कंपनीचे पाटे कसे ओळखायचे

इथे तपास थोडक्यात होतो. पाट्यांच्या पुढच्या टोकाचा हँगर आणि मागच्या शॅकलचा ब्रॅकेट रिव्हेटवर आहेत का? हाउसिंगवर पाट्यांसाठीच्या सपाट बैठका एकसारख्या वेल्डिंगने बसल्या आहेत का? दोन्ही होय असेल, आणि मध्ये ट्रेलिंग आर्मचा क्रॉसमेंबर किंवा वर कॉइलच्या बैठकांची खूण नसेल, तर ती जन्मापासून पाट्यांची.

पाटे आहेत आणि तरीही आर्मचा मोठा क्रॉसमेंबर तसाच लटकतोय, किंवा चेसिसवर रिव्हेट घासून काढल्याची रिकामी भोकं ओळीने दिसतात, तर कॉइलची गाडी कुणीतरी पाट्यांवर नेली आहे. ओझं वाहण्यासाठी हे पूर्वी सर्रास करत. काम नीट केलं असेल तर गाडी चांगली चालेल, पण ‘ओरिजनल’ या शब्दाचे पैसे देऊ नका.

कागद काय सांगतात

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, बघाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. त्यात दोन चाकांची ड्राइव्ह सी आणि चार चाकांची के अशी कळते, किती टनाची ते कळतं. मागे कॉइल की पाटे, ते नाही. १९७२ मध्ये मात्र एक सोय झाली: शेव्हरोलेचा नंबर सी ने आणि जीएमसीचा टी ने सुरू होतो. याचा उपयोग खूप, कारण बोनेट आणि जाळीसकट पुढचं तोंड एकमेकांचं बसतं. चार दिव्यांची जीएमसी दोन दिव्यांची शेव्हरोले होऊन फिरत असते. तोंड शेव्हरोलेचं, खाली रिव्हेटवरचे मूळ पाटे आणि नंबरात टी, असं असेल तर सस्पेन्शन अस्सल आहे, बदललाय तो चेहरा.

त्याहून बोलका कागद म्हणजे ग्लव्ह बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूचं स्टिकर. त्यावर त्या गाडीला मागवलेल्या जादा गोष्टींची यादी असते. शेव्हरोलेला पाटे हे मागवलेलं काम, तेव्हा ते त्यात यायला हवं. जीएमसीच्या बाबतीत कॉइल. आधी स्टिकरवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळवा, कारण पन्नास वर्षांत दारं बदलली जातात आणि नव्याने छापलेली स्टिकरंही मिळतात.

मग घ्यायची कुठली?

रविवारी बायकामुलांना घेऊन फिरवायची, थोडी खाली बसवायची, तर कॉइल. रिकामा हौदा असताना मागचा भाग पाट्यांइतका उडत नाही. पाट्यांना दोन कामं एकदम करावी लागतात, वजन झेलणं आणि हाउसिंग जागेवर धरणं. जोरात ॲक्सिलरेटर दिला की ते पिळवटतात. कॉइलच्या गाडीत ही कामं वाटून दिलेली आहेत. तिचा खर्च निघतो तो आर्मच्या पुढच्या टोकाच्या रबरी बुशांत. शिवाय आखूड कॉइल घालून गाडी खाली आणली की पॅनहार्डच्या कोनामुळे हाउसिंग एका बाजूला सरकतं, मग लांबी कमीजास्त करता येणारी दांडी घ्यावी लागते.

हौद्यात खरोखर माती, लाकडं, मोटरसायकल टाकणार असाल तर पाटे. बुश आणि शॅकलची पिनं बदलणं सोपं, बसलेला पाटा कुठलाही कमानवाला (पाटे दुरुस्त करणारा) पुन्हा वाकवून देतो, आणि मोकळेपणाने सांगायचं तर मला पाट्यांचा आवाज आवडतो. ही आवड आहे, सल्ला नव्हे.

मूळपणासाठीच पैसे मोजणार असाल, तर कॉइल की पाटे हा प्रश्न बाजूला ठेवा आणि रिव्हेट, नंबर व स्टिकर एकच गोष्ट सांगतात का ते पाहा. जन्मापासून पाट्यांची असलेली शेव्हरोले मला अर्धवट बदललेल्या कॉइलवालीपेक्षा केव्हाही चालेल.

बघायला जाताना टॉर्च, वायर ब्रश आणि जुनी सतरंजी न्या. दोन भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) गाडी घेतल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही. आणि मागच्या चेसिसला नुकताच जाड काळा रंग फासलेला दिसला, तर रंगाखालच्या रिव्हेट बघू देतो का एवढंच मालकाला विचारा. नाही म्हणाला तर सतरंजी गुंडाळा.