इन्व्हर्टेड पॅपिलोमा: हिरडीतून की दुर्बिणीने?

बायोप्सीत इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाक-सायनसच्या अस्तरातून वाढणारी, मुळात कॅन्सर नसलेली गाठ निघालीय, ती गालामागच्या सायनसमध्ये (हाडातल्या पोकळीत) आहे आणि आता वरच्या हिरडीत छेद घेऊन काढायची की नाकातून दुर्बिणीने, एवढाच प्रश्न उरलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय. 2013मध्ये हिरडीतून, 2017मध्ये दुर्बिणीने.

निदानाबद्दल थोडंच सांगतो. एकाच नाकपुडीत ‘मांस वाढलंय’ असं कोणी म्हटलं, तर तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधे पॉलिप, म्हणजे सुजेमुळे वाढलेले मऊ फुगे, बहुतेक वेळा दोन्हीकडे असतात. सीटी स्कॅनमध्ये हाड एखाद्या जागी जाड झालेलं दिसलं, तर गाठीचं मूळ बहुधा तिथेच असतं. सायनसमध्ये नुसता शेंबूड साठलाय की गाठच तिथवर गेलीय, हे मात्र एमआरआयच नीट दाखवतो. मी दुसऱ्या वेळी दोन्ही करून घेतले आणि त्याचा उपयोग झाला.

हिरडीची वाट जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉल्डवेलने 1893मध्ये आणि फ्रान्समधल्या ल्यूकने 1897मध्ये ती मांडली, म्हणून दोघांचं नाव तिला चिकटलं. सर्जनच्या हाताला जागा मिळते, सायनसची पुढची भिंत चांगली हाती लागते. सूज आठवडाभरात उतरली. गाल आणि वरचा ओठ मात्र वर्षभर बधिर होता. दाढी करताना कापलं तरी कळायचं नाही, टॉवेलवर रक्त दिसलं की समजायचं. पण तेही मी सोसलं असतं.

नाही सोसलं ते नंतरचं. ही गाठ परत येते, कधी कधी बऱ्याच वर्षांनी येते आणि थोड्या जणांत तिचा कॅन्सरही होतो. म्हणजे तपासण्या सुटत नाहीत. हिरडीची जखम मिटली, आत व्रणाने सगळं आक्रसलं, आणि डॉक्टरांना आत डोकवायला जागाच उरली नाही. मग दर वेळी स्कॅन. स्कॅनमध्ये कोपऱ्यात एक करडा डाग. व्रण की गाठ? एकदा रिपोर्टात ‘व्रण असावा’ असं आलं. सहा महिन्यांनी डाग तेवढाच होता म्हणून आम्ही निश्चिंत झालो. 2017 उजाडलं तेव्हा तो डाग नाकात उतरला होता. प्रत्येक रिपोर्टाची वाट बघताना घरात कोणी विषय काढायचं नाही, बायको ताट वाढून समोर बसून राहायची. ते दिवस मला पुन्हा नकोत.

दुर्बिणीने करताना नाक आणि सायनस यांच्यामधली भिंत काढली, मूळ चिकटलेलं हाड ड्रिलने घासलं. त्रास इथेही आहे. तीन महिने खपल्या, दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, नाकाला थोडा घाण वास. अश्रूंच्या नळीला धक्का लागला तर डोळ्यातून पाणी गळत राहू शकतं. मला तसं झालं नाही. पण आता ओपीडीत डॉक्टर दुर्बीण आत घालतात आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, “हे बघा, मूळ इथं होतं.” गुळगुळीत, फिकट गुलाबी जागा. दोन मिनिटांत मी बाहेर. संशय आलाच तर तिथलाच तुकडा घेता येतो.

सगळ्यांना हेच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. मूळ पुढच्या भिंतीवर किंवा कपाळाच्या सायनसमध्ये लांब असेल, तर नुसत्या दुर्बिणीने काहींचं भागत नाही, बाहेरूनही वाट काढावी लागते. सर्जनचा हात कशावर बसलाय, हेही बघायला हवं. तरी माझ्या भावाला उद्या हे झालं, तर दुर्बिणीवर हात बसलेल्या सर्जनकडे मी त्याला दोनशे किलोमीटर घेऊन जाईन. आणि सही करण्याआधी त्याला विचारायला लावीन: “डॉक्टर, मूळ नक्की कुठं आहे, आणि ऑपरेशननंतर ती जागा तुम्हाला इथं बसून दिसेल का?”