टायमिंगला पाच स्टार, बाकीचं पॅकेज मात्र घेऊ नका (वाईच्या आमच्या १० के, म्हणजे १० किलोमीटरच्या रनचा अनुभव)

आधीच सांगतो, रन भरवून देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाहीये. रन झाल्यावर मालकाशी फोनवर तासभर बोलणं झालं, बऱ्याच गोष्टी त्याने स्वतःहून मान्य केल्या, आणि मान्य करणाऱ्याला चव्हाट्यावर आणणं मला पटत नाही. पण तुमच्या गावात कोणी "चला आपण पण एक रन घेऊ" म्हणत असेल तर हे वाचून घ्या, कारण असं "ए टू झेड" पॅकेज विकणारे आता गल्लोगल्ली झालेत.

तर आम्ही वाईतले पंचवीसएक जण, सकाळी मेणवली रोडला पळणारे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होतेय, आमच्यातले निम्मे तिच्यामुळेच पळायला लागले, यवतेश्वरचा घाट चढून आले की वर्षभर तेच बोलत बसतात. मागच्या वर्षी ठरलं की आपल्या गावात पण १० के आणि ५ के घ्यायची, फेब्रुवारीत, थंडी असताना. आकडा धरला दोनशे आणि नोंदणी झाली साडेचारशे. मग घाबरलो आणि पुण्याची ही कंपनी बोलावली. चिपवालं बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद), मॅट (रस्त्यावर अंथरायची, चिप वाचणारी), कमान, अँकर, फोटोग्राफर, पाणी, ॲम्ब्युलन्स, परवानग्या, सगळं त्यांच्याकडे. "सर तुम्ही फक्त पळा," असं म्हणाले होते. हे वाक्य लक्षात ठेवा.

टायमिंगपासून सुरू करतो कारण ते खरंच एक नंबर होतं. बिबच्या मागे पातळ पट्टी असते तीच चिप, तिच्यात बॅटरी वगैरे काही नसतं, मॅटमधल्या अँटेनाची लहर लागली की ती आपला नंबर सांगते एवढंच. स्टार्टला मॅट असली की प्रत्येकाची वेळ तो मॅट ओलांडतो तिथून धरतात, त्यामुळे पुढे उभं राहायला धक्काबुक्की होत नाही, आणि साडेचारशे लोक गावातल्या रस्त्यावरून सुटणार असतील तर ही मोठी गोष्ट आहे. सोबत आलेला पोरगा विशी-बाविशीचा असेल, आदल्या दिवशी बिब वाटताना प्रत्येकाला सांगत होता, घडी घालू नका, पाठीवर लावू नका, वरून जॅकेट घालून चेन लावू नका, मोबाईलच्या पाऊचखाली दाबू नका, अंगात पाणी असतं ते सिग्नल खातं. साडेचारशेतले फक्त चार रीड चुकले आणि त्यातला एक माझा मेहुणा, ज्याने बिब मांडीवर लावलं होतं आणि वर टी-शर्ट सोडला होता.

शिवाय जिथून परत फिरायचं त्या वळणावर मॅट घ्याच. स्वस्त पॅकेजमध्ये फक्त स्टार्ट-फिनिशला असते, वळणाची वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. आमच्यातले काही म्हणत होते कशाला, आपलीच माणसं आहेत. आपलीच माणसं होती म्हणूनच सहा जण वळणाच्या आधीच मागे फिरलेले सापडले :)

अजून एक गंमत. महिला गटात दुसरा नंबर स्क्रीनवर आला आणि बक्षीस घ्यायला कोणीच येईना. नंतर कळलं की बाईंना ताप होता म्हणून त्यांचं बिब लावून नवरा पळाला, चांगला मिशीवाला. सगळे हसले, मी पण हसलो. पण आमच्या ग्रुपमधले डॉक्टर हसले नाहीत. बिबच्या मागे रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहायचा असतो ना, हा रस्त्यात पडला असता तर आम्ही त्याच्या बायकोचा रक्तगट सांगितला असता आणि घरचा नंबर म्हणून त्याच्याच खिशातला फोन वाजला असता. पुढच्या वेळी बिब बदललं तर बाद, फॉर्मवरच लिहिणार आहोत.

आता बाकीचं पॅकेज.

परवानगीपासूनच बोंब. "आम्ही बघतो" म्हणजे त्यांनी अर्जाचा एक नमुना पाठवला, ज्यात दुसऱ्याच शहराचं नाव तसंच राहिलेलं. शेवटी आम्हीच पोलीस स्टेशन, नगरपरिषद, रस्तावाले असे फिरलो. पोलिसांचे प्रश्न अगदी मुद्द्याचे होते. किती लोक, कुठला रस्ता, किती वाजता मोकळा करणार, कोणत्या वळणावर कोण उभा राहणार, डॉक्टर कोण. आम्ही रस्त्याचा नकाशा हाताने काढून प्रत्येक फाट्यावर माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून दिला. पुण्यात बसून हा कागद तयारच होऊ शकत नाही, कुठल्या गल्लीतून दुधाची गाडी किती वाजता निघते हे त्यांना काय माहीत.

आणि ऊस! फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम, पहाटे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून लाइन लागलेली असते, मागच्या ट्रॉलीला दिवा असला तर नशीब. कंपनीच्या प्लॅनमध्ये ट्रॅक्टर हा शब्दच नव्हता. त्यांना स्टार्ट ६ वाजता हवा होता, "सगळीकडे सहालाच असतो सर". अहो आमच्याकडे त्या दिवसांत सूर्यच सातला उगवतो, वर नदीकाठचं धुकं. मी अडून बसलो की उजाडल्याशिवाय एकही माणूस रस्त्यावर सोडणार नाही, मग १० के पावणेसातला आणि ५ के सातला ठरली. आधीचे चार दिवस आमच्यातला एक जण चहाच्या टपरीवर बसून एकेका ट्रॅक्टरवाल्याला सांगत होता की रविवारी सकाळी नऊपर्यंत अलीकडेच थांबा, चहा आमच्याकडून. थांबले बिचारे. दोन सोडून सगळे थांबले, आणि त्या दोघांना फाट्यावरच्या पोरांनी शिट्टी मारून बाजूला घेतलं.

अंतराचा किस्सा तर वेगळाच. त्यांनी गूगल मॅपवर बोट फिरवून रूट काढलेला. गाडीचं मीटर, मॅप, हातातलं घड्याळ, यातलं काहीच रस्ता मोजायला पुरेसं अचूक नसतं, घड्याळ तर झाडाखाली आणि वळणावर स्वतःच्या मनाने चालतं. जगभर मोठ्या शर्यतींचे रस्ते सायकलनेच मोजतात, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावून, ते १९७१ पासून चालत आलंय. आमच्याकडे ते कुठलं, आम्ही देशी केलं. सरळ रस्त्यावर पोलादी टेपने ३०० मीटर आखले, त्यावर सायकल चारदा चालवून चाकाचे फेरे काढले, आणि मग दोन सायकली, एकाच्या स्पोकला लाल चिंधी बांधलेली आणि शेजारून चालवणाऱ्याच्या बोटात ते जप मोजायचं यंत्र. पाच किलोमीटरला सुमारे २,४०० फेरे! मध्ये कोणी "काय चाललंय रे" विचारलं की परत पहिल्यापासून. वळणावर आतल्या कडेने, पळणारा जवळात जवळ जिथून जाईल तिथून मोजायचं, आणि किलोमीटरला एक मीटर जास्त धरायचा म्हणजे अंतर कमी भरत नाही. मोजून झाल्यावर धोमच्या रस्त्यावर १० के परत फिरायच्या जागी खिळा ठोकून चुन्याने खूण केली.

रनच्या दिवशी ६:२० ला आमच्या सायकलवाल्याचा फोन, मॅट खुणेपासून २०० मीटर अलीकडे टाकलीय. का, तर तिथे गाडी लावायला सपाट जागा आणि झाड होतं. जाऊन २०० परत येऊन २००, म्हणजे १० के ची झाली असती ९.६. लोक महिनोनमहिने घाम गाळून एका मिनिटाची सुधारणा करतात आणि तुम्ही झाडाच्या सावलीसाठी दोन-तीन मिनिटं फुकट वाटणार? पळापळ करून मॅट हलवली.

त्याआधी पावणेसहाला अँकरने झुंबा सुरू केला होता, फुल्ल आवाजात. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम गणपतीमुळे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे, आम्ही मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. समोरच्या घरातले आजोबा कानटोपी घालून आले आणि अँकरला शांतपणे म्हणाले, "बाळा, माझी बायको आजारी आहे, आणि तुझं गाणं पण बरं नाही." आमचीच मान खाली गेली. गावातली रन गावाला वैताग देऊन होत नसते, पुढच्या वर्षी त्याच दारासमोरून जायचंय.

पाण्याचा हिशोब बघा, हा कोणी करतच नाही. आमची टेबलं दोन, एक अडीच किलोमीटरवर मेणवलीच्या अलीकडे, दुसरं पाचवर. १० के वाले २६०, ५ के वाले १९०. पहिल्या टेबलवरून १० के वाले जाताना पण जातात आणि येताना पण, ५ के वाले तिथूनच वळतात, म्हणजे ७१० वेळा माणूस समोरून जाणार. दुसऱ्यावर फक्त २६०. कंपनीने पाणी आणि कप निम्मे-निम्मे वाटलेले! आदल्या रात्री यादी बघताना आमच्या किराणावाल्या मित्राच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर परत येणाऱ्यांना पहिल्या टेबलवर रिकामे जार दिसले असते. त्यांना छोट्या बाटल्या द्यायच्या होत्या, आम्ही नको म्हटलं, २० लिटरचे जार आणि कागदी कप घेतले, टेबलच्या पुढे शंभर पावलांवर एक मोठं पिंप कप टाकायला. उलट अँकर माइकवर "प्रत्येक टेबलवर दोन-दोन ग्लास प्या" ओरडत होता, ते डॉक्टरांनी बंद करायला लावलं. थंडीत १० किलोमीटरला तहान लागेल तेवढं पुरतं, उगाच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा वाईट. मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी मात्र तुफान गेल्या.

ॲम्ब्युलन्स म्हणजे व्हॅनमध्ये स्ट्रेचर आणि ड्रायव्हर. बस. ऑक्सिजन नाही, नर्स नाही. सुदैवाने आमचे ते डॉक्टर होते, त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातून सिलिंडर, सलाइन, बीपीचं मशीन आणलं, आणि मागच्या रविवारी वीस पोरांना छाती दाबायला शिकवलं होतं, मिनिटाला १०० ते १२० च्या ठेक्यात, आणि कोणी पडला की एकाने दाबायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा, तिसऱ्याने रस्ता मोकळा करायचा. वेळ आली नाही. पण फिनिशला एक प्रकार झाला. फोटोग्राफरने मॅटच्या पुढे चार पावलांवर बॅनर लावून मेडलसकट फोटो चालू केले, म्हणजे जोरात पळत आलेला माणूस एकदम थांबून रांगेत उभा. एक ताई तिथेच पांढऱ्या पडल्या आणि खाली बसता बसता कोसळल्या. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलं की ते पायातच राहतं आणि डोक्याला कमी पडतं, डॉक्टरांनी आडवं करून पाय उंच धरले आणि पाच मिनिटांत त्या उठून मेडल मागायला लागल्या. बॅनर उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला, दोरी लावून पन्नास मीटर चालायची गल्ली केली. टायमिंगवाला पोरगा पण खुश झाला, मॅटजवळ बिबवाली गर्दी उभी राहिली की त्याचे रीडिंग घोटाळतात, तो मघापासून हेच ओरडत होता पण त्याच्याच कंपनीचा फोटोग्राफर ऐकत नव्हता.

पोहे चांगले होते, पण ते आमच्या आचाऱ्याचे. टी-शर्टबद्दल बोलतच नाही, एल म्हणून आलेला माझ्या आठवीतल्या मुलाला होतो.

सगळ्यात जास्त राग आला तो शेवटी. कट-ऑफ (रन संपवायची शेवटची मुदत) दोन तासांचा, म्हणजे पावणेनऊ, आम्हीच जाहीर केलेला. साडेआठला कंपनीच्या माणसांनी कमानीतली हवा सोडायला सुरुवात केली कारण त्यांना दुपारी दुसरीकडे कार्यक्रम होता. तीन बाया अजून रस्त्यावर होत्या, आमचा सायकलवाला त्यांच्या मागे हळूहळू येत होता, शेवटच्या माणसाच्या मागे आपला माणूस असलाच पाहिजे हे आम्ही ठरवलेलं. त्यातल्या मावशी ६३ वर्षांच्या, आयुष्यात पहिल्यांदा १० किलोमीटर. त्या ८:४१ ला आल्या तेव्हा कमान जमिनीवर गोधडीसारखी पडलेली. पण मॅट चालू होती. पोरगा एका हातात पोह्याची डिश धरून लॅपटॉपसमोर उभा, कोणी बंद कर म्हटलं तरी त्याने केली नव्हती. मावशींचा निकाल १ तास ५६ मिनिटं, मेसेज त्यांच्या फोनवर आला तो त्यांना वाचता येईना चष्मा नव्हता म्हणून, मी वाचून दाखवला, दोनदा.

पैसे म्हणाल तर टायमिंगचे बिबमागे ८० रुपये पडले, वळणांच्या मॅट वेगळ्या, आणि ते पूर्ण वसूल. बाकी पॅकेजचे जेवढे गेले त्यात गावातल्या मंडपवाल्याने, आचाऱ्याने आणि स्पीकरवाल्याने निम्म्यात काम केलं असतं, शिवाय पावणेसहाला गाणं लावलं नसतं.

पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग त्यांच्याकडेच केलंय. फक्त बिब, तीन मॅट आणि तोच पोरगा, हे कागदावर लिहून घेतलंय. कमान गणपती मंडळाची बांबूची लावणार, तिच्यातली हवा कोणाला सोडता येत नाही.