क्वीन रॉक मॉन्ट्रिऑल ब्लू-रे : फ्रेडीचं गाणं बघायचं असेल तर हीच घ्या

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा विषय निघाला की कुणीतरी लाइव्ह एडची, म्हणजे 1985 च्या त्या मदतनिधी कॉन्सर्टची, क्लिप पाठवतंच. मान्य आहे, भारीच आहे ती, मी पण शंभरदा बघितली असेल, पण ती बघून तो पब्लिकला खिशात कसं घालायचा एवढंच कळतं, गायचा कसा ते नाही कळत. ते बघायचं तर 'क्वीन रॉक मॉन्ट्रिऑल'. हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटलोय, शेवटी घरचे वैतागून म्हणाले एकदाच काय ते लिहून टाक आणि मोकळा हो, तर हा घ्या रिव्ह्यू.

आधी हे काय आहे ते. 1981 साली 24 आणि 25 नोव्हेंबरला कॅनडात मॉन्ट्रिऑल फोरममध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये, क्वीनचे दोन शो झाले, ते खास शूटिंगसाठीच ठेवलेले. सॉल स्विमर नावाचा डायरेक्टर, आणि शूटिंग व्हिडिओवर नाही तर चक्क 35 एमएम फिल्मवर. त्यामुळे आज मोठ्या टीव्हीवर लावलं तरी चित्र असलं टकाटक दिसतं की नंतरचे ऐंशीच्या दशकातले व्हिडिओवरचे कॉन्सर्ट त्यापुढे धुतलेल्या कपड्यासारखे फिके वाटतात. आधी हे 1984 मध्ये दुसऱ्याच नावाने व्हिडिओवर आलं होतं, मग 2007 मध्ये बँडने साफसूफ करून, आवाज नव्याने मिक्स करून हे असं काढलं. माझ्याकडे त्यातलीच ब्लू-रे आहे. 2024 मध्ये आयमॅक्सला लागलं आणि नंतर 4के डिस्क पण आली, ती मी अजून घेतलेली नाही, पैसे झाडाला लागत नाहीत. ऑनलाइन मागवली तेव्हा केसचा कोपरा तुटून आला, आत डिस्क सुटी होऊन खुळखुळत होती, ओरखडा नाही पडला हे नशीब. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की प्रॉडक्ट चालतंय ना. चालतंय बाबा.

आता मजा अशी की या शूटिंगला बँड मनापासून तयार नव्हताच. डायरेक्टरला दोन रात्रींचे तुकडे जोडायचे म्हणून दोन्ही दिवस सारखेच कपडे घाला वगैरे फर्मानं, कॅमेरे अंगावर, त्यामुळे सगळे चिडलेले. डिस्कवर गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांची कॉमेंटरी आहे, त्यात हे ऐकायला मिळतं, आणि ऐकलं नाही तरी फ्रेडीच्या तोंडाकडे बघून कळतंच. शेवटाकडे तर तो पांढऱ्या, अतिशय तोकड्या हाफपँटमध्ये येतो, आता जोडा म्हणावं तुमचे तुकडे. पण हा राग गाण्याला जबरदस्त लागू पडलाय. सुरुवातच 'वी विल रॉक यू'च्या फास्ट व्हर्जनने, ते टाळ्या-पायवालं नाही, धावतं रॉक अँड रोल, आणि पहिल्या ओळीपासून तो असा काही तुटून पडतो की माझा हात रिमोटकडे गेला, आवाज कमी करायला नाही, वाढवायला.

वर्ष लक्षात घ्या, 1981. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे लोक अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये फुटबॉल स्टेडियम भरवून आलेले. आधीच्याच वर्षी अमेरिकेत 'अनदर वन बाइट्स द डस्ट' एक नंबरला गेलेलं. नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' नंबर एकला. फ्रेडी पस्तिशीचा, मिशी आलेली, अंगात रग, आणि स्टेजवर फक्त चौघं. पुढे टूरला जादा कीबोर्डवाला घ्यायला लागले, इथे तसलं काही नाही. एक गिटार, एक बास, ड्रम, आणि पियानोवर बहुतेक वेळ स्वतः फ्रेडी. त्यामुळे लपायला जागाच नाही कुणाला, आणि मला या डिस्कमधलं सगळ्यात आवडलेलं तेच आहे.

मुख्य मुद्दा गळ्याचा. रेकॉर्डवर जे ऐकतो तो फ्रेडी वेगळा, तिथे एकेका ओळीवर आवाजाचे थरावर थर चढवलेले, 'बोहेमियन रॅप्सडी'ला तर इतके की टेप झिजून पातळ झाली. स्टेजवर गळा एकच. त्यात त्याला सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून स्वरयंत्रावर गाठींचा त्रास, ऑपरेशन केलं नाही, सिगारेट चालूच, आणि टूर असायची तेव्हा रात्री दोन-दोन तास गायचं. मग हा माणूस काय करतो, तर हिशोब करतो. रेकॉर्डवर जिथे सूर वर जातो तिथे अनेकदा खालच्या बाजूने वळून येतो, वरचा सूर ड्रमवरून रॉजर टेलरला देऊन टाकतो (रॉजरचा आवाज भयानक वर जायचा, रेकॉर्डवरही खूपसे उंच सूर त्याचेच आहेत), आणि वाचवलेली ताकद मग अशा ठिकाणी खर्च करतो की आपण खुर्चीतून उठतो. काही लोक याला लाइव्हमध्ये चीटिंग म्हणतात. मला तर यात गवयाची अक्कल दिसते, आपल्याकडेही गळा ओळखून बंदिश मांडणाऱ्यालाच जाणकार म्हणतात ना.

याचं उदाहरण म्हणजे 'समबडी टू लव्ह'. 1976 चं, त्याचंच लिहिलेलं, अमेरिकन गॉस्पेल, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या, संगीताच्या वळणाचं, त्याच वळणाची गायिका अरीथा फ्रँकलिन त्याची जाम आवडती होती हे माहीत असलं की गाणं अजून उलगडतं. रेकॉर्डमध्ये मागे अख्खा चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, गातोय असं वाटतं, तो कॉयर म्हणजे प्रत्यक्षात फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा भरलेले. मग स्टेजवर कसं करणार? तर मुख्यतः तिघंच गातात, जॉन डीकन बास सांभाळतो. आणि कॉयरची उणीव फ्रेडी स्वतःच्या आवाजाच्या पोताने भरून काढतो, गुळगुळीत सूर मुद्दाम खरबरीत करतो, शब्द अर्धा तोडतो, पियानोवर पंजा आपटतो आणि पुढच्याच ओळीला एकदम मऊ. क्लोजअपमध्ये गळ्याच्या शिरा दिसतात. श्वास घेताना तो माइकपासून तोंड किंचित बाजूला नेतो, पियानोवर हात चालू असताना, ही एवढीशी गोष्ट बघायला मी ते गाणं परत परत मागे नेलंय.

2016 मध्ये युरोपातल्या आवाजाच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गाण्याचा आणि मुलाखतींचा अभ्यास करून पेपर काढला होता. त्यात निघालं की बोलण्याचा आवाज 117 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मुळात हा बॅरिटोन, खर्जाकडचा माणूस, गायचा मात्र टेनरसारखा, म्हणजे उंच पट्टीत. आणि त्याचा व्हिब्रॅटो, म्हणजे लांबवलेल्या सुरावरचा कंप, सेकंदाला साधारण 7 वेळा, नेहमीच्या गायकांपेक्षा जलद आणि जरा अनियमित. चार सप्तकांच्या रेंजची जी दंतकथा फिरते तिला मात्र त्यांना पक्का पुरावा मिळाला नाही. हे वाचून डिस्क लावली तर 'सेव्ह मी'मध्ये तो कंप कानाला स्पष्ट पकडता येतो, आवाज रडवेला वाटतो तो त्याच्यामुळेच, शब्दांमुळे नाही.

आता आपल्या लोकांचा आवडता विषय, पाचगणी. हो, फारुख बलसारा, 5 सप्टेंबर 1946, जन्म झांझिबारचा, पारशी घर, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. आठ-नऊ वर्षांचा असताना पोराला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला पाठवलं, तिथेच पियानो शिकला, तिथेच पोरं फ्रेडी म्हणायला लागली आणि 1958 च्या सुमारास शाळेतल्याच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर. पुढे 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि कुटुंब सगळं सोडून इंग्लंडला गेलं, मग आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन (क्वीनचा तो राशींवाला लोगो त्यानेच काढलाय), मग ब्रायन-रॉजरच्या बँडच्या मागे लागून लागून 1970 मध्ये क्वीन. स्ट्रॉबेरी क्रीम खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहितीये देव जाणे. पण म्हणून त्याच्या गाण्यात ओढूनताणून लता आणि ठुमरी शोधणारे जे लेख येतात ना, ते मला नाही पटत. मला या दीड तासात कुठे तसलं काही सापडलं नाही. सापडतो तो एल्व्हिस, लिटल रिचर्ड, ऑपेरा, लंडनचा जुना म्युझिक हॉल, म्हणजे तिथले नाच-गाण्यांचे खेळ. पाचगणीने त्याला दिलं असेल तर स्टेज दिलं, नऊ-दहा वर्षांच्या बोर्डिंगच्या पोराला सगळ्यांसमोर उभं राहायची सवय. स्वतः तो मुलाखतीत या दिवसांबद्दल फारसं बोलायचाच नाही, त्यामुळे आपण त्याच्या तोंडात किती घालायचं याला काही लिमिट हवं.

'लव्ह ऑफ माय लाइफ'ला ब्रायन बारा तारांची अकूस्टिक गिटार घेऊन स्टुलावर आणि फ्रेडी बाजूला, बास ड्रम सगळं बंद. दक्षिण अमेरिकेत हे गाणं पब्लिकच गायचं, मॉन्ट्रिऑलवाले त्या मानाने लाजरे, त्यामुळे इथे फ्रेडीलाच जास्त गायला लागतं, आपला फायदा. 'अंडर प्रेशर'मध्ये बोवी नाहीच, त्याच्या वाट्याच्या ओळी फ्रेडी बऱ्याचशा स्वतःच उचलतो, रॉजर मदतीला, आणि खरं सांगायचं तर बोवीची आठवण पहिल्या मिनिटानंतर येत नाही. मग 'क्रेझी लिटल थिंग', जे त्याने म्युनिकच्या हॉटेलात बाथटबमध्ये बसल्या बसल्या दहा मिनिटांत लिहिलं म्हणे, तिथे तो स्वतः गिटार घेतो, त्याला गिटार बेताचीच यायची आणि ते लपवतही नाही. 'बोहेमियन रॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग मात्र टेपवरच वाजतो, चौघंही स्टेजवरून गायब, नुसते लाइट. पहिल्यांदा बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, पण तो भाग चार माणसांनी स्टेजवर गाणं शक्यच नव्हतं आणि नाटक करत ओठ हलवण्यापेक्षा निघून जाणं प्रामाणिक. मग हेवी रॉकचा भाग सुरू होतो आणि चौघं परत येतात तेव्हा, काय सांगू, खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली.

तक्रारी आहेत. ब्रायनचा गिटार सोलो लांबलाय, आणि हे मी ब्रायनचा फॅन असून म्हणतोय, त्याआधी रॉजरचे ड्रम आणि टिंपनी (मोठे नगारे), म्हणजे मध्ये फ्रेडी बराच वेळ गायब, तेवढ्यात चहा होतो. पब्लिक जवळपास दिसतच नाही, स्विमरला क्लोजअपचं वेड, त्यामुळे हॉल केवढा होता, लोक काय करत होते याचा पत्ता लागत नाही आणि स्टेजवर धावत कुठून कुठे गेला हेही कधी कधी निसटतं. दोन रात्री जोडल्याचं मध्ये मध्ये जाणवतं. नुसता सीनचा भपका हवा असेल, आतषबाजी आणि लाखभर हात वर, तर 1986 चं वेम्बली घ्या, तिथे ते सगळं आहे, पण तिथे गळा थकलेला ऐकू येतो.

एक गोष्ट मी डिस्कचं कव्हर वाचताना पहिल्यांदा लक्षात घेतली, पहिला शो 24 नोव्हेंबर 1981 चा, आणि फ्रेडी गेला 24 नोव्हेंबर 1991 ला, बरोबर दहा वर्षांनी, वय फक्त 45. एड्स झालाय हे त्याने जाहीर केलं आदल्या दिवशी. पारशी पद्धतीने अंत्यविधी झाले.

लाइव्ह एड पण याच सेटमध्ये एक्स्ट्रा म्हणून आहे, 13 जुलै 1985, वेम्बली, ती एकवीस मिनिटं, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी बघता येतात. माझं ऐका, क्रम उलटा करा, आधी लाइव्ह एड, मग मॉन्ट्रिऑल. कॉमेंटरी दुसऱ्या वेळेसाठी ठेवा, पहिल्यांदा लावली तर गाणी वाया जातील. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर बघणार असाल तर घेऊच नका, जॉन डीकनचा बास ऐकूच येणार नाही, आणि 'ड्रॅगन अटॅक' बासशिवाय म्हणजे नुसता आरडाओरडा. साधा सबवूफरवाला साउंडबार किंवा बरे हेडफोन पुरतात. मागवण्याआधी तुमच्या प्लेअरचा रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क त्यावर चालतात ते, तेवढा तपासा, आणि 2007 ची मिळाली नाही तर 4के वाली बघा, कुणी घेतली असेल तर आवाजात फरक पडलाय का ते खाली सांगा, तेवढ्यावर माझं ठरेल.