बुबुळ बघून किडनीचं निदान: अण्णांना शिबिरात नेलं तेव्हा

साताऱ्यात आमच्या घरामागच्या मंगल कार्यालयात इरिडॉलॉजीचं, म्हणजे बुबुळावरून रोग ओळखण्याचं शिबिर होतं. शेजारच्या काकूंनी फारच आग्रह केला: सुई नाही, रक्त नाही, सगळ्या अंगाचा रिपोर्ट. म्हणून सासऱ्यांना घेऊन गेले. अण्णांचं वय ७४, शुगर जुनी. फी ६०० रुपये.

चांगलं होतं ते आधी सांगते. नंबर वेळेवर लागला. तपासणाऱ्या बाईंनी झोप कशी लागते, पोट साफ होतं का, पायाला मुंग्या येतात का, हे सगळं शांतपणे विचारलं. सरकारी काय नि खासगी काय, अण्णांचं इतकं निवांत ऐकून घेणारं कुणी मला आजवर भेटलेलं नाही. माणसं अशा ठिकाणी का जातात, ते मला तिथे पटलं.

मग तपासणी. लॅपटॉपला जोडलेला छोटा कॅमेरा, भोवती पांढऱ्या दिव्यांचं कडं. अण्णांचं तपकिरी बुबुळ स्क्रीनवर ताटाएवढं दिसायला लागलं. बारीक तंतू, मधले खळगे, कडेला म्हातारपणी येतं ते पांढुरकं वर्तुळ. त्यावर बाईंनी एक नकाशा बसवला. घड्याळाच्या बाराच्या जागी मेंदू, सहाच्या आसपास मूत्रपिंड; उजव्या डोळ्यात शरीराची उजवी बाजू, डाव्यात डावी. सहाजवळ एक काळसर ठिपका होता. "काका, किडनी वीक झालीय," त्या म्हणाल्या. लगेच तीन महिन्यांचा चूर्णाचा कोर्स, ४,८०० रुपये. शुगरच्या गोळ्या "हळूहळू कमी करू". आम्ही नेलेला रक्ताचा रिपोर्ट त्यांनी उघडूनही पाहिला नाही.

गोळ्या कमी करण्याची गोष्ट निघाली तेव्हाच मी अण्णांना उठवलं. कोर्स घेतला नाही.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये किडनीच्या तपासण्या, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, करून घेतल्या. दोन्ही ठीक. मग नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि मागचा पडदा पाहिला. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले. शुगरने पडदा खराब व्हायला लागला होता. लवकर सापडला, म्हणून शुगर ताब्यात ठेवा आणि ठरल्या वेळी दाखवायला या, एवढ्यावर भागलं. शिबिरात तोच डोळा एवढा मोठा करून पाहिला आणि जो आजार खरोखर डोळ्यात होता तो दिसला नाही, कारण तो बुबुळात नव्हताच. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे. धडधाकट किडनीला रोगी ठरवलं आणि अधू होत चाललेल्या नजरेबद्दल एक शब्द नाही.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या इग्नाझ पेक्झेली यांनी मांडली. लहानपणी त्यांच्या हातून घुबडाचा पाय मोडला आणि त्याच्या बुबुळात खूण उमटलेली दिसली, अशी गोष्ट सांगतात. पण या पद्धतीची परीक्षाही झालेली आहे, तीही नेमकी किडनीवरच. १९७९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. १४३ जणांच्या बुबुळांचे फोटो तीन इरिडॉलॉजिस्टांना दाखवले. त्यांतल्या ४८ जणांना किडनीचा आजार होता. आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे तिघांपैकी एकालाही फोटोंवरून ओळखता आलं नाही.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या नंदुरबारमधल्या टेंभलीत २०१० साली पहिली आधार कार्डं दिली गेली. आधारमध्ये बोटांच्या ठशांबरोबर बुबुळही घेतात, कारण त्या तंतूंची नक्षी लहानपणी ठरली की जन्मभर तशीच राहते. यकृत बिघडलं, किडनी दुखावली की ती नक्षी बदलत असती, तर प्रत्येक आजारपणानंतर रेशनच्या दुकानात माणसाची ओळखच पटली नसती.

डोळ्यात रोग दिसतात हे खरं आहे. कावीळ पांढऱ्या भागात दिसते, शुगर आणि बीपीचा परिणाम पडद्यावर दिसतो. त्यासाठी डॉक्टर लागतो, थेंब लागतात, आणि दोनचार तास नजर अंधूक राहते म्हणून सोबतीला माणूस लागतं.

पुढच्या महिन्यात शिबिर पुन्हा आहे, फलक लागलाय. घरात शुगरचं माणूस असेल तर कृपा करून तिकडे नेऊ नका. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, आणि कुणीही सांगितलं तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.