अमिश क्विल्ट: आधी उलटं करून बघा

मुलीने अमेरिकेतून आणलेल्या अमिश क्विल्टाला, म्हणजे तिकडच्या गोधडीला, माझे मार्क: टाक्यांना दहापैकी दहा, कापडाला आठ, आतल्या भरावाला पाच आणि दुकानदाराने सांगितलेल्या माहितीला शून्य. घाई असेल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल.

मुलगी फिलाडेल्फियाजवळ राहते. तिथून गाडीने दीडेक तासावर पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जुनी वस्ती. हे लोक घोडागाडीने फिरतात आणि घरात तारेची वीज घेत नाहीत. तिथल्या एका दुकानातून तिने हे आणलं. उभा जन्म लक्ष्मी रोडवर साड्या उलगडण्यात गेला, त्यामुळे बाबांना कापडातलं कळतं असा तिचा समज आहे. किंमत हजार डॉलरच्या थोडी खाली. रुपयांत किती होतात ते सौ.ना अजून सांगितलेलं नाही.

नमुन्याला तिकडे ‘सेंटर डायमंड’ म्हणतात, लँकेस्टरची खास ओळख. मधोमध टोकावर उभा केलेला मोठा चौकोन, भोवती पट्टी, बाहेर रुंद काठ, कोपऱ्यांत चार चौकोन. वांगी, मोरपिशी आणि डाळिंबी असे तीनच रंग, तेही प्लेन. छापील फूल औषधालाही नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने असा माल ‘अंगात काहीच नाही हो’ म्हणून बाजूला सारला असता. पण रंग जुळवणाऱ्या बाईची नजर पक्की आहे. डाळिंबीला खेटून मोरपिशी ठेवायला धाडस लागतं, आणि इथे ते जमलंय.

आता उलटं करा. खरा माल पाठीमागे आहे.

पाठीला एकरंगी काळं कापड आणि त्यावर टाक्यांनी काढलेली पिसांची वेल, मध्यभागी गोल कडं, त्यात तारा. काउंट, म्हणजे कापडात इंचाला किती धागे ते बघायचं जुनं भिंग काढून टाके मोजले, इंचाला दहा टाके. कुठेही मोजा, तेवढेच. वळणावर, जिथे कोणाचाही हात ढिला पडतो, तिथेसुद्धा. गाठ एकही दिसत नाही, कारण दोरा ओढून गाठ दोन कापडांच्या मध्ये घालवतात. दिव्यासमोर तिरकं धरल्यावर पुढच्या बाजूला पेन्सिलीची फिकट रेघ सापडली, आखून शिवल्याची. मला तो दोष वाटला नाही, उलट खात्री पटली.

तुकडे जोडायचं काम तिकडेही मशीनवर होतं. अमिश घरात वीज नसली तरी पायाच्या मशीनला पूर्वीपासून मुभा आहे. हाताचं काम त्यानंतरचं. वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर लाकडी चौकटीवर ताणतात, भोवती बायका बसतात. एक हात वर, दुसरा चौकटीखाली. खालच्या बोटाला सुईचं टोक लागलं की सुई परत वर. आपल्याकडे गोधडी जमिनीवर अंथरून, काठाकडून आत आत धावदोरा घालत जातात. ताण असतो तो फक्त बाईच्या मांडीचा. तरी आमच्या सासूबाईंच्या हातची गोधडी या क्विल्टाशेजारी ठेवली तेव्हा ओळी तितक्याच सरळ निघाल्या. टाका मोठा होता, एवढंच.

आता त्या शून्य मार्कांबद्दल. दुकानात मुलीला सांगितलं की ही शेकडो वर्षांची युरोपातली कला, आणि पूर्णत्व फक्त देवाचं म्हणून प्रत्येक क्विल्टात मुद्दाम एक चूक ठेवतात. मुद्दाम चुकीच्या गोष्टीला अभ्यासकांना भक्कम पुरावा सापडलेला नाही. माझ्या क्विल्टात तर चूक शोधूनही मिळाली नाही. आणि अमिश मंडळी अठराव्या शतकात स्वित्झर्लंड-जर्मनीकडून आली तेव्हा ही कला बरोबर नव्हती. ती त्यांनी शेजाऱ्यांकडून उचलली, तीही बरीच उशिरा. साधारण १८८० ते १९४० हा त्यांचा भरभराटीचा काळ. तेव्हा लँकेस्टरच्या बायका बारीक लोकरी कापड वापरत, घरासाठी आणि लग्नाच्या मुलीसाठी शिवत. ओहायो-इंडियानाकडे सुती कापड आणि काळा रंग जास्त.

पुढे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहकांनी जुनी अमेरिकन क्विल्टं चित्रांसारखी भिंतीवर टांगली. मग व्यापारी अमिश घरांच्या दारात उभे राहिले. पेट्यांतली जुनी क्विल्टं शहरात गेली, भाव चढत गेले, आणि शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मागेच राहिली. एखादीच्या कोपऱ्यात दोन अक्षरं सापडतात, बस्स.

त्यानंतर अमिश बायकाही पर्यटकांसाठी शिवू लागल्या. त्यांना घरबसल्या पैसा मिळाला, ते उत्तमच झालं. पण लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या मोंग बायकाही १९८० च्या दशकापासून याच धंद्यात आहेत, कापडावर कापड लावण्यात त्यांचा हातखंडा. कित्येक क्विल्टांत त्यांची मेहनत असते आणि पाटी मात्र अमिशांची. माझ्या क्विल्टाच्या चिठ्ठीवर फक्त ‘अमिश हस्तकला’ आहे. आखलं कोणी, जोडलं कोणी, टाके कोणाचे, काही नाही. हजार डॉलर मोजल्यावर एवढं विचारायचा हक्क आहे. पैठणी घेताना येवल्याची का, असं आपण खोदून खोदून विचारतोच की!

पुण्यात वापरायचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत झकास. आत पॉलिस्टरचा भराव आहे, त्यामुळे हलकं आणि गरम. फेब्रुवारी सरला की पहाटे घाम फुटतो, तिथे जुन्या सुती साड्यांची गोधडीच बरी. ओला पांढरा रुमाल घासून पाहिला तर डाळिंबीचा रंग किंचित लागला, म्हणून कापडाचे दोन मार्क कापले.

घ्यायचं असेल तर प्लेन रंगांचं, जुन्या नमुन्याचं घ्या. छापील गुलाब आणि बदामांची क्विल्टं दुकानात पुढे टांगलेली असतात, ती बघून मागे जा. पैसे टाक्यांचे द्या, आणि इंचाला सहाच्या खाली असेल तर हात जोडून बाहेर पडा. धुताना गार पाणी वापरा, पिळू नका, सावलीत आडवं वाळत घाला. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा आणि दर खेपेला घडी बदला.