पीएमपीची ई-बस: थांब्यावर तिचं नाव ‘एसी’

पीएमपी म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा. तिच्या ९ मीटर लांबीच्या पहिल्या ई-बस (विजेवरच्या बस) फेब्रुवारी २०१९ मध्ये धावू लागल्या. मागून १२ मीटरच्या आल्या, बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गाच्या) स्थानकांसाठी उजवीकडेही दारं असलेल्या. पण थांब्यावर कोणी ‘इलेक्ट्रिक आली का’ असं विचारत नाही. ‘एसी गेली का?’ एवढंच. (मेट्रोही विजेवरच चालते, पण तिला कोण इलेक्ट्रिक म्हणतं?) धूर नाही ही गोष्ट बसच्या अंगावर रंगवायला ठीक, माणूस चढतो तो साध्या बसच्या तिकिटात गारवा मिळतो म्हणून. १ जून २०२५ पासून पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, दोन्ही शहरांत चालणारा दिवसाचा पास ७० रुपये, आणि एसी म्हणून वरती काही नाही. मुंबईत बेस्टनं किमान तिकीट साध्याला १० आणि एसीला १२ ठेवलंय. असे दोन रुपयेसुद्धा रोज जाऊन-येऊन मोजणाऱ्याला खुपतात.

बस चालते छान. गिअर नाही, त्यामुळे हिसके नाहीत. पाठीमागे इंजिनाची धग नाही. मात्र मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते, आणि चालकानं पाय उचलला की मोटरच ब्रेकसारखी ओढून धरते. नवख्या चालकाच्या हाती उभ्यांची पुढं-मागं घुसळण होते. चढल्या चढल्या दांडा पकडा, सुट्टे नंतर शोधा. वाहकाच्या मशीनवर क्यूआर आहेच.

खरी परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी. १२ मीटरची बस किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज खाते. एसीचा हिशेब मात्र किलोमीटरवर नाही, तासावर असतो: कडक उन्हात ताशी १० युनिटांच्या आसपास. म्हणजे हडपसरला तासभर कोंडीत अडकलेली बस जागेवर उभी राहूनच सात ते दहा किलोमीटरची वीज संपवते. त्यात दर थांब्याला दार उघडणार, दाटीवाटीनं माणसं भरणार. मग संध्याकाळच्या पाळीत एकतर एसी मंदावतो, नाहीतर बस चार्जिंगला डेपोत जाते आणि एक फेरी गळते. खिडक्या बंद असल्यानं एसी मेला की साधी खडखडी बस बरी वाटते.

आणि फेरी गळली की सगळं मुसळ केरात. वीस मिनिटं ताटकळलेला माणूस गारव्यासाठी आणखी वीस थांबत नाही, शेअर रिक्षात बसतो. बस चार्जिंगला डेपोत जाणार असेल तर तिच्या जागी दुसरी वेळापत्रकातच हवी, ऐनवेळी शोधून चालत नाही. ‘आपली पीएमपीएमएल’ अ‍ॅपवर बस कुठंय ते दिसतं. घरातून निघण्याआधी पाहावं.

ज्येष्ठांनी पुढची जागा धरावी, मागच्या बाजूला पायऱ्या चढाव्या लागतात. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये. घरघर नसल्यानं ती उभी आहे की निघाली, हे कानाला कळत नाही.