ऑर्लँडोचा हिप्पोग्रिफ: वार्षिक पासाच्या आठ महिन्यांनंतर

फ्लाइट ऑफ द हिप्पोग्रिफ म्हणजे ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात, हॅरी पॉटरच्या विभागातला छोटा रोलर कोस्टर. हिप्पोग्रिफ म्हणजे त्या गोष्टींतला अर्धा गरुड, अर्धा घोडा. कोस्टरवेड्यांना याचे आकडे पाठ असतात: उंची 13 मीटर, रूळ 335 मीटर, वेग ताशी 46 किमी, फेरी 1 मिनिट 6 सेकंदांची. उंचीचा आकडा बघून पोरांना मागे ओढू नका. घर्षण सोडलं तर ताशी 46 गाठायला साडेआठ मीटरचा उतारही पुरतो. म्हणजे सगळी उंची एका दमात खाली येत नाही, बरीचशी गिरक्यांमध्येच खर्च होते.

खरी गंमत चढणीत आहे. एरवी कोस्टरची गाडी खटखटणारी साखळी वर ओढते, इथे साखळीच नाही. मोटरवर फिरणारे रबरी टायर गाडीला दाबून धरतात आणि वर ढकलतात. आधी मला हा स्वस्तातला मामला वाटायचा. खटखट नाही तर कोस्टर कसला? आता मत पार उलटं झालंय. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाची निम्मी भीती त्या खटखटीचीच असते, शिवाय साखळीत अडकताना बसणारा हिसकाही इथे नाही. मात्र टायरचा सगळा जोर घर्षणावर, त्यामुळे ओल्या हवेत पकड कमी होते. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड तशाही थांबतात. म्हणून सकाळीच उरका.

पण सकाळी वेग जरा कमी, हेही खरं. चाकं आणि बेअरिंगमधलं ग्रीस गार असतं. दुपारपर्यंत गाडी मोकळी धावते. तोच वेग हवा असेल तर सकाळीसुद्धा शेवटचा डबा घ्या. पुढचे डबे उतरू लागतात तेव्हा मागचा अजून चढावर असतो, मग तो माथ्यावरून ओढला जातो. भित्र्या मुलाला पुढे बसवा. उंच माणसाच्या गुडघ्यांचे हाल सगळीकडे सारखेच, तिरकं बसायचं.

उंचीची अट 36 इंच, म्हणजे 91 सेंटिमीटर. 48 इंचांखाली सोबत मोठं माणूस लागतं. घरी भिंतीला टेकवून मोजूनच निघा, दारात रडारड नको.

आता पैशांचं. निव्वळ या राइडसाठी एक्सप्रेस पास, म्हणजे जादा पैसे देऊन छोटी रांग, घेणं म्हणजे उधळपट्टी. गाडीत 16 जागा. एकच गाडी सुरू असेल आणि माणसं चढण्या-उतरण्याचा वेळ धरून फेरीला तीन मिनिटं लागली, तर तासाला 320 माणसं. रांगेतली डोकी ढोबळ मोजायची आणि 16 ने भागायचं: दहा फेऱ्या म्हणजे अर्धा तास. एका मिनिटासाठी त्याहून जास्त उभं राहण्यात अर्थ नाही.

आणि हो, 2010 मध्ये नवीन नाव मिळालं तरी रूळ 2000 सालच्या फ्लाइंग युनिकॉर्नचाच आहे. त्यावर बसून झालं असेल तर नवीन काय, तर हॅरीचा धिप्पाड मित्र हॅग्रिड याची झोपडी आणि घरट्यातला हिप्पोग्रिफ. गोष्टीत हिप्पोग्रिफला आधी वाकून नमस्कार करावा लागतो; तो करायचा तर चढणीवरच करा, पुढे मान वळवायला सवड मिळत नाही.